खोबरेलाच्या मुलखात कोरडे केस: मालवण तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातल्या ताईंची ही हकीकत. वय चाळिशीच्या अलीकडे. घरीच खानावळ आणि पर्यटकांसाठी चार खोल्या. ऑक्टोबर ते मे हंगाम जोरात, आणि त्या दिवसांत पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या चुलीपुढे आणि गॅसपुढे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि घरचे काही तपशील गाळले आहेत. तपासण्या, औषधं आणि त्यांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. हे सगळं लिहायला त्यांनी आपणहून परवानगी दिली.

मी बाजारपेठेत मेडिकल चालवते. केसांसाठी विचारायला येणाऱ्या बायका रोजच्याच. त्यातल्या बहुतेकींना शाम्पू बदलून किंवा तेल लावायची रीत बदलून फरक पडतो. या ताईंचं तसं नव्हतं. त्यांच्या बाबतीत तीन-चार कारणं एकमेकांत गुंतली होती, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण त्यांनी केलेल्या एका उपायामुळेच झाकलं गेलं होतं.

अडचण

मे महिन्यात त्या दुकानात आल्या त्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायला. जाता जाता म्हणाल्या, "गो बाय, माका केसांसाठी कायतरी चांगला दी. केस नायत, काथ्यो झालो हा नुसतो."

कमरेपर्यंतचे केस. हाताला खरखरीत लागत होते, टोकांना फाटे फुटले होते, आणि मधल्या लांबीवर ठिकठिकाणी पांढरे बारीक ठिपके दिसत होते. अशा ठिपक्यावर केसाचं वरचं आवरण उलगडलेलं असतं आणि आतले धागे कुंचल्यासारखे पिंजारलेले असतात. जरा ताण आला की केस तिथेच तुटतो.

त्यांना पडलेला प्रश्न अगदी रास्त होता. घरचं खोबरेल, किनाऱ्याची दमट हवा, मग केस कोरडे कसे? याचं उत्तर असं की केसाचा मऊपणा हवेतल्या दमटपणावर ठरत नाही. केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात आणि त्यांच्यावर स्निग्धतेचा अतिशय पातळ थर असतो. रसायनांनी किंवा उष्णतेने तो थर गेला, खवले उचकटले, की केस दमट हवेत भराभर पाणी शोषतो, फुगतो, आणि उन्हात तितक्याच भराभर ते सोडून देतो. या फुगण्या-आक्रसण्यातच तो ठिसूळ होत जातो. त्यामुळे दमट हवेत खराब झालेले केस उलट जास्तच विस्कटलेले दिसतात.

आधी काय काय झालं होतं

डिसेंबरात घरचं एक लग्न झालं. त्याआधी त्यांनी पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले. द्रावण लावून वर तापलेली इस्त्री फिरवायची, ती पद्धत. महिनाभर केस छान दिसले. फेब्रुवारीपासून तुटायला लागले.

मग उपाय सुरू झाले. माशांचा वास जावा म्हणून त्या केसांना लिंबाचा रस लावायच्या आणि वाळवणाशेजारी उन्हात बसायच्या. आठवड्याला मेहंदी. मध्येच कुणी सांगितलं म्हणून अंडं. धुरामुळे रोज नहाणं, तेही अंगाच्या साबणाने. नहाणं झालं की केस पुढे घेऊन पंचाने सपासप झटकायचे आणि ओल्यावरच घट्ट अंबाडा.

मार्चपासून विहिरीचं पाणी मचूळ झालं. खाडीकाठच्या विहिरींना हे दरवर्षीचं आहे. गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की खारं पाणी आत सरकतं. त्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून माणूस आणखी साबण चोळतो, आणि न निघालेला साका केसांवरच वाळतो.

मार्चमध्येच पुण्याला शिकणाऱ्या मुलीने ऑनलाइन मागवून 'केसांच्या गोळ्या' पाठवल्या. आणि एप्रिलमध्ये गावात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. त्यात हिमोग्लोबिन १०.२ निघालं, म्हणजे बाईमाणसाला हवं त्या १२ पेक्षा कमी. थायरॉईड नीट काम करतं का हे दाखवणारी टीएसएच तपासणी मात्र नॉर्मल. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी लोह सुरू केलं. इथपर्यंत कुणाचंच काही चुकलं नव्हतं. समोर जो कागद होता, त्याप्रमाणे निर्णय बरोबरच होता.

पहिला निर्णय: तुटतात की गळतात?

मी त्या दिवशी काहीच विकलं नाही. विंचरल्यावर निघणारी गुंतवळ फेकू नका, एका पिशवीत घालून घेऊन या, एवढंच सांगितलं.

केस मुळापासून गळला असेल तर त्याच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. मधूनच तुटला असेल तर गाठ नसते आणि तुकडे लहान-मोठे असतात. दिवसाला ५० ते १०० केस गळणं हे सगळ्यांचंच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हा फरक साधा आहे, पण पुढचं सगळं यावर ठरतं. तुटणाऱ्या केसाचं कारण बहुतेक वेळा बाहेर असतं: रसायन, उष्णता, पाणी, विंचरणं. गळणाऱ्या केसाचं कारण बहुधा आत असतं.

त्यांची गुंतवळ पांढऱ्या कागदावर पसरली. निम्म्याहून जास्त तुकडेच होते. पण गाठ असलेले लांब केसही चांगलेच होते. म्हणजे दोन्ही चालू होतं. पार्लर आणि मचूळ पाणी यांनी तुटण्याचा हिशेब लागत होता, गळण्याचा लागत नव्हता. लोहाची कमतरता हे गळण्याचं एक कारण होऊ शकतं. पण तिच्यामुळे केसाचा पोतच असा राठ व्हावा, हे मला पटत नव्हतं.

दुसरा निर्णय: आणखी काय काय घेताय?

औषध देताना मी नेहमी विचारते की दुसरं काही चालू आहे का. लोक बीपीच्या, साखरेच्या गोळ्या सांगतात. ऑनलाइन आलेली जीवनसत्त्वं, पावडरी, जिलेटिनच्या गोड गोळ्या सांगत नाहीत, कारण ती औषधं आहेत असं त्यांना वाटतच नाही. ताईही आधी "कायच नाय" म्हणाल्या. केसांसाठी काही खाता का, असं सरळ विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ता औषध नाय गो, ता केसांचा व्हिटामिन."

डबी आणायला लावली. बायोटिन, एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे ही गरजेच्या तीनशेपट मात्रा. बायोटिन पाण्यात विरघळतं, जादा झालेलं लघवीवाटे जातं, आणि त्याने सहसा अपाय होत नाही. खरी कमतरता विरळाच असते. ज्यांना ती नाही, त्यांच्या केसांना या गोळ्यांचा फायदा होतो असा भक्कम पुरावाही नाही. नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं, ते प्रयोगशाळेत.

रक्तातले हॉर्मोन मोजणाऱ्या कित्येक यंत्रांमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं एक प्रथिन यांची एकमेकांना घट्ट धरायची ओढ वापरलेली असते. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असलं की तेच ती जागा अडवून बसतं आणि मोजमाप बिघडतं. अशा पद्धतीत टीएसएच खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं, आणि टी३, टी४ ही थायरॉईडची हॉर्मोन खऱ्यापेक्षा जास्त. थायरॉईड मंद झालं की होतं नेमकं उलट, टीएसएच वाढतं आणि टी४ उतरतं. म्हणजे थायरॉईड मंद झालेल्या बाईचा रिपोर्ट निर्धास्त नॉर्मल येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हृदयविकारासाठी करतात त्या ट्रोपोनिन तपासणीत बायोटिनमुळे खोटा कमी आकडा आला आणि एक रुग्ण दगावला, याचीही नोंद त्या इशाऱ्यात आहे. प्रश्न फक्त केसांपुरता नाही तो यामुळे.

ताईंना आणखी चार गोष्टी विचारल्या. वर्षभरात वजन वाढलं होतं. पोट साफ होत नव्हतं. पाळीत अंगावरून जास्त जात होतं. आवाज जड झाला होता, तो त्या मसाल्याच्या ठसक्यावर ढकलत होत्या. भुवयांच्या बाहेरच्या कडा विरळ झाल्या होत्या. आईला थायरॉईडची गोळी होती. हिमोग्लोबिन कमी का झालं, याचंही उत्तर यात असू शकत होतं, कारण थायरॉईड मंद असताना पाळीत जास्त रक्त जाणं हे नेहमी दिसतं.

समोरचे पर्याय

इथे मी ताईंसमोर जे जे शक्य होतं ते मांडलं, कारण हंगामातला एकेक दिवस सोडणं त्यांना महाग होतं.

पार्लरमध्ये पुन्हा जाऊन 'केरॅटिन' करून घेणं, हे त्यांच्या मनात होतं. मी स्पष्ट नको म्हटलं. असल्या उपचाराने केस काही आठवडे गुळगुळीत दिसतात, पण उष्णता आणि रसायन यांचा मार पुन्हा त्याच केसावर बसतो. शिवाय सरळ करण्याच्या काही द्रावणांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. एका तरुणीला असा उपचार केला त्या तिन्ही वेळा मूत्रपिंडाचा त्रास झाला, हे २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं आहे. अशी प्रकरणं थोडी आहेत हे खरं. पण बाटलीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय डोक्यावर ओतून घेऊ नये, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

महागडा शाम्पू आणि सीरम हा दुसरा पर्याय. सीरममधलं सिलिकॉन केसावर थर चढवतं, घर्षण कमी करतं, आणि तेवढ्यापुरतं ते उपयोगी आहे. पण पाण्याची आणि झटकण्याची बाजू तशीच ठेवली तर पैसे वाया.

घरगुती उपायांत काही चांगले, काही वाईट, आणि त्यांची गल्लत झाली होती. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस किंवा भिजवलेल्या मेथीचा गर केसावर निसरडा थर देतो, गुंता सुटायला मदत होते. हे जरूर करावं. शिकेकाई चांगली, पण तिची जाडीभरडी पूड चोळली तर आधीच उचकटलेले खवले खरवडले जातात, म्हणून उकळून गाळून घ्यावी. अंड्यातली प्रथिनं आकाराने मोठी, ती केसाच्या आत शिरत नाहीत. मेहंदीने कोरडेपणा वाढतो. लिंबाचा रस लावून उन्हात बसणं तर त्या दिवसापासून बंद.

आणि शेवटचा पर्याय, बायोटिन थांबवून रक्त पुन्हा तपासून घेणं. खर्च फार नव्हता, पण आधीच 'नॉर्मल' आलेली तपासणी परत कशाला, हा घरच्यांचा प्रश्न होता. तो गैर नव्हता.

केलेली कृती

तुम्हाला थायरॉईड आहे, असं सांगणं माझं काम नव्हे. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: बायोटिनची मात्रा, कधीपासून चालू, शिबिराच्या दिवशी सकाळी गोळी घेतली होती, आणि लक्षणं. खाली एकच विनंती, टीएसएच पुन्हा करता येईल का. डॉक्टरांनी त्याच दिवशी फोन करून होकार दिला. अशा तपासणीआधी बायोटिन किमान दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. मात्रा मोठी होती म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर बंद ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या रिपोर्टमध्ये टीएसएच १८ च्या पुढे, आणि फ्री टी४ कमी. म्हणजे थायरॉईड मंदच होतं. लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, सुरू झालं.

इथून पुढे चुकायला खूप जागा होती. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर लोह त्या गोळीला पोटातच अडवतं. ताईंचा दिवस पहाटे पाचला पर्यटकांच्या चहाने सुरू होतो आणि त्यांचा स्वतःचा कप त्याच पातेल्यातला. म्हणून गोळी उशाशी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवायची आणि उठल्या उठल्या घ्यायची, असं ठरलं. लोह दुपारच्या जेवणानंतर, चहाच्या वेळेपासून लांब, लिंबू-पाण्याबरोबर. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या हवेसाठी मी मुद्दाम सांगते. थायरॉईडची गोळी मूळ बाटलीतच ठेवायची, झाकण घट्ट लावून. आठवड्याच्या गोळ्या काढून चुलीजवळच्या फडताळात ठेवल्या तर पावसाळ्यात त्या खराब होतात.

केसांसाठी रोजच्या सवयी बदलल्या. पाणी आधी पाहिलं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं साधं यंत्र दुकानात आहे, त्यावर त्यांच्या विहिरीचं पाणी हजाराच्या वर गेलं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ५०० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे वापराला बंदी घालण्यासारखं काही नव्हतं, पण केसांसाठी वाईट होतं. घरी नळाचं पाणी एक दिवसाआड येत होतं. सगळं नहाणं त्यावर होणं शक्य नव्हतं. म्हणून शेवटचे तीन-चार तांबे तेवढे गोड्या पाण्याचे घ्यायचे ठरले, मीठ आणि साका केसांवर वाळू नये म्हणून.

नहाणं आठवड्यातून दोनदा. एरवी स्वयंपाक करताना डोक्याला सुती रुमाल. अंगाचा साबण बंद, कारण तो अल्कधर्मी असतो आणि त्याने खवले उघडतात. सौम्य शाम्पू फक्त टाळूला, कंडिशनर फक्त लांबीला. पंचाने झटकणं बंद, दाबून टिपायचं. ओला केस सुक्यापेक्षा कमजोर असतो, त्यामुळे ओल्यावर अंबाडा नाही, आणि फणीऐवजी रुंद दातांचा कंगवा, तोही टोकांकडून वर.

खोबरेल त्या लावतच होत्या, पण नहाऊन झाल्यावर, वरून चोपडून. क्रम उलटा केला. नहाण्याआधी काही तास किंवा आदल्या रात्री, बेताचं, लांबीला आणि टोकांना. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, त्याचे रेणू लहान आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरतं. जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्समध्ये २००३ साली आलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, आणि केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं. आपल्या आज्यांची नहाणाआधी तेल लावायची रीत या अभ्यासाशी तंतोतंत जुळते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. नहाणं झाल्यावर लावलेलं तेल मात्र केसाला वरून चिकटतं, त्यावर धूर-धूळ बसते, आणि मग रोज धुवावंसं वाटतं.

सगळ्यात अवघड निर्णय कापण्याचा होता. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. औषध मुळाशी काम करतं, आधीच फाटलेलं टोक कशानेही सांधत नाही. ताई म्हणाल्या, चतुर्थीला गौरीपुढे केस मोकळे कसे सोडू? मी जोर केला नाही. दोन आठवड्यांनी त्यांनीच मुलीला बोलावून वीतभर कापून घेतले.

निकाल

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे निकाल हळूहळूच दिसणार होता. आठ आठवड्यांनी टीएसएच निम्म्यावर आलं, डॉक्टरांनी मात्रा थोडी वाढवली. पोट साफ होणं आणि अंगातला जडपणा जाणं हे आधी झालं. गुंतवळ चतुर्थीच्या सुमाराला कमी झाली. दिवाळीला मुळाजवळचे चार-पाच सेंटिमीटर केस हाताला वेगळे लागत होते. हिमोग्लोबिन तोवर १२ च्या वर गेलं होतं.

पण हे सगळं थायरॉईडच्या गोळीचंच यश, असं मी म्हणणार नाही. गोळी सुरू झाली जूनच्या तोंडावर, आणि जूनमध्ये पाऊस लागला. विहिरी गोड्या झाल्या, खानावळ बंद, ऊन नाही, धूर कमी. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर कुणाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. थोडाफार उलगडा पुढच्या एप्रिलमध्ये झाला. विहीर पुन्हा मचूळ, हंगाम जोरात, पण गोळी चालू आणि सवयी तशाच. टोकं जराशी राठ झाली, मधूनच तुटणं मात्र परत सुरू झालं नाही, गळणंही नाही.

पावसाळ्यात एक नवी तक्रार आली, कोंडा. केस दिवसभर सुकत नसताना टाळूला तेल मुरवून ठेवलं की तिथे बुरशी वाढते. त्या चार महिन्यांत तेल फक्त लांबीला, रात्रभर नाही, आणि काही आठवडे किटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू. तेवढ्यावर भागलं.

वेगळं काय करता आलं असतं

शिबिराच्या नोंदणी अर्जावर 'चालू औषधं' असा रकाना होता. ताईंनी तो कोरा सोडला, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे तो बरोबरच भरला होता. त्याच रकान्यात 'केस, नखं, त्वचेसाठी काही गोळ्या घेता का' एवढी एक ओळ असती, तर दोन महिने वाचले असते. तालुक्यातल्या दोन प्रयोगशाळांना मी हे सुचवलं. एकीने रक्त घ्यायच्या टेबलावर तशी पाटी लावली आहे.

हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हा ते का कमी झालं, हा प्रश्न मागे राहिला. पाळी, वजन, आईचा आजार हे तेव्हा विचारलं असतं तर 'नॉर्मल' टीएसएचवर शंका घ्यायला तेवढं पुरेसं होतं. शिबिरात एका माणसाला मिळणारा वेळ बघता हे कठीण आहे. पण नंतर दवाखान्यात रिपोर्ट दाखवताना ते जमण्यासारखं होतं.

गुंतवळ बघण्याआधीच डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं का, याचा मी विचार केला. मला तसं वाटत नाही. 'केस राठ झाले' एवढ्या तक्रारीवर नॉर्मल रिपोर्ट पुन्हा करायला कुणी तयार झालं नसतं. पिशवीतले केस, डबीवरची मात्रा आणि लक्षणांची यादी एकत्र गेली म्हणून फोन आला.

पार्लरच्या बाबतीत अजून काही बदललेलं नाही. द्रावणाची बाटली ग्राहकाला दाखवायची, त्यातले घटक वाचू द्यायचे, आणि आधीच रंगवलेल्या किंवा तुटणाऱ्या केसांना नकार द्यायचा, एवढं झालं तरी यातल्या कितीतरी तक्रारी माझ्या दुकानापर्यंत येणारच नाहीत. लग्नसराई सुरू होण्याआधी पार्लरवाल्या बायकांशी बसून बोलायचं, असं या वर्षी मी आणि त्या डॉक्टरांनी ठरवलं आहे. ताईंनी त्यासाठी आपली खानावळ देऊ केली आहे.